यिर्रकलाची शाळा

यिर्रकला हे ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतले, आर्नहेम लँडच्या ईशान्य कोपऱ्यातले, समुद्राकाठचे छोटे गाव. वस्ती हजाराच्या आत, आणि ती जवळजवळ सगळी योल्ङू या आदिवासी समाजाची. डार्विनहून रस्त्याने जायचे तर अंतर सुमारे १००० किलोमीटर; त्यातला बराचसा रस्ता कच्चा, आणि पावसाळ्यात तो बंदच असतो. म्हणून बाहेरून येणारा शिक्षक नुलुनबाय या खाणगावापर्यंत विमानाने येतो आणि तिथून १८ किलोमीटरवरच्या यिर्रकलात गाडीने पोचतो. गावात बालवर्गापासून बारावीपर्यंत एकच सरकारी शाळा आहे. आसपासच्या किनाऱ्यावर आणि जंगलात विखुरलेल्या कुळवस्त्यांच्या शाळांशीही तिचा जुना संबंध आहे. मुले घरी योल्ङू भाषा बोलतात. इंग्रजी ती शाळेत आल्यावर शिकतात, आणि गावातल्या रोजच्या व्यवहारात तिची गरज थोडीच पडते.

या गावाचा इतिहास ठाऊक नसेल तर शाळेचे काम कळत नाही. १९३५ मध्ये मेथडिस्ट चर्चने इथे मिशन उघडले आणि वेगवेगळ्या जमिनींवर राहणारी अनेक कुळे हळूहळू एका जागी आली. गावाखालची जमीन मात्र रिर्राचिंगू कुळाचीच राहिली. बाकीचे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत असले तरी स्वतःला पाहुणे समजतात. १९६३ मध्ये सरकारने बॉक्साइटच्या खाणीसाठी ३०० चौरस किलोमीटरांहून जास्त जमीन राखीव क्षेत्रातून काढून घेतली, तीही लोकांना न विचारता. तेव्हा कुळप्रमुखांनी झाडाच्या सालीवर चित्रे रंगवली, त्यांच्या मधोमध गुमाच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत टंकलेला अर्ज चिकटवला आणि तो कॅनबेराच्या संसदेत पाठवला. संसदेने चौकशी समिती नेमली, पण खाण थांबली नाही. १९७१ मध्ये न्यायालयातला जमिनीचा दावाही ते हरले. त्या पराभवातूनच पुढे चौकशी आयोग बसला आणि १९७६ चा आदिवासी भूमिहक्क कायदा झाला. आपली बाब आपल्या भाषेत आणि सरकारच्या भाषेतही, शेजारी शेजारी मांडायची, ही रीत या गावाने शाळेच्या आधी संसदेत वापरली होती.

१९७२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या व्हिटलम सरकारने जाहीर केले की आदिवासी मुलांचे सुरुवातीचे शिक्षण त्यांच्या भाषेत होईल. पुढच्या वर्षी मोजक्या शाळांत काम सुरू झाले आणि लवकरच यिर्रकलाही त्यांत आले. या द्विभाषिक पद्धतीत पहिल्या वर्षांत वाचन-लेखन योल्ङू भाषेत असते आणि इंग्रजी फक्त तोंडी. मग दरवर्षी इंग्रजीचा वाटा एकेक पायरी वाढतो आणि वरच्या प्राथमिक वर्गांपर्यंत दोन्ही भाषा बरोबरीला येतात. योजना कागदावर साधी दिसते. प्रत्यक्षात तिच्यामुळे शिक्षकाच्या कामाची घडी पार बदलते.

एका वर्गात दोघे शिकवतात. एक बाहेरून आलेला, पदवीधर, इंग्रजीचा. दुसरा गावातला, बहुतेक वेळा गावातलीच बाई. ती मुलांची मावशी असते, आजी असते, कुणाची सासूही असते. दोघांनी दुपारी एकत्र बसून उद्याचा पाठ ठरवायचा असतो. पाठाचा विषय एकच, पण कोणता भाग कोण कोणत्या भाषेत घेणार, कोणता शब्द आधी येणार, हे आधीच बोलून घ्यावे लागते. जिथे ही बैठक नेमाने होते तिथे वर्ग चालतो. जिथे ती राहून जाते तिथे गावातली शिक्षिका बाजूला बसून दंगा करणाऱ्यांना गप्प करणारी ‘मदतनीस’ होऊन जाते. आर्नहेम लँडमध्ये राबलेल्या शिक्षकांच्या आठवणींत ही खंत पुन्हा पुन्हा येते. पगारपत्रकात एकजण शिक्षक आणि दुसरी सहायक असते, पण मुलांना काय समजले आणि काय नाही, हे नेमके दुसरीलाच ठाऊक असते. या दोघांच्या जोडीला ‘शिक्षक-भाषातज्ज्ञ’ हे तिसरे पद असते. तो वर्ग घेत नाही. तो योल्ङू शिक्षकांबरोबर पाठ्यसामग्री घडवतो, वाचनाच्या पायऱ्या आखतो, आणि नव्याने आलेल्यांना इथे काय करायचे आणि काय करायचे नाही ते सांगतो.

पुस्तके बाजारात नव्हतीच. म्हणून शाळेत वाङ्मयनिर्मिती केंद्र उघडले. योल्ङू भाषांची लिपी मिलिंगिंबी बेटावर बेउला लो या मिशनरी भाषातज्ज्ञ बाईंनी रोमन अक्षरांवर बसवली होती. तिच्यात काही अक्षरांखाली रेघ असते आणि एका अक्षराला शेपूट, त्यामुळे टंकयंत्रेही खास बनवून घ्यावी लागली. केंद्राचे काम असे चाले : एखादी म्हातारी कासवाची, जाळ्याची, वादळाची गोष्ट सांगते, ती टेपवर घेतली जाते, गावातला साक्षरता-कर्मचारी ती ऐकून उतरवतो, मग त्या कुळातले जाणते लोक वाचून पाहतात, कारण गोष्ट ज्यांची त्यांच्या परवानगीशिवाय छापायची नाही, चित्रकार चित्रे काढतो आणि पुस्तक शाळेतच छापून, टाचून वर्गात जाते. टेरिटरीतल्या द्विभाषिक शाळांनी अशी हजारो पुस्तके केली. शाळा बंद पडल्या किंवा धोरण बदलले तेव्हा ती कपाटांत पडून राहिली, काही पावसाने खराब झाली. २०१२ पासून चार्ल्स डार्विन विद्यापीठात सुरू झालेल्या ‘लिव्हिंग आर्काइव्ह’ने त्यांतली बरीचशी शोधून संगणकावर चढवली आहेत.

कोणत्या भाषेत छापायचे, हाही प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शिक्षणखात्याकडे नव्हते. योल्ङूंत प्रत्येक कुळाची स्वतःची भाषा आहे. मूल बापाच्या कुळाची भाषा आपली मानते आणि आईच्या कुळाचीही जाणते. सुरुवातीला शाळेने गुमाच भाषा घेतली. पण मिशनच्या आवारात एकत्र वाढलेल्या मुलांची मिळून एक नवी बोली तयार झाली होती. तिला धुवाया म्हणतात. जाणत्यांना ती पसंत नव्हती. ही कुठल्याच जमिनीची भाषा नाही, लहान पोरांची बोली आहे, असे त्यांचे म्हणणे. शिक्षक मात्र रोज पाहत होते की सहा वर्षांचे मूल धुवायातच विचार करते. १९८० च्या दशकात बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला : पहिले वाचन धुवायात, आणि मोठे झाल्यावर प्रत्येकाने आपल्या कुळाच्या भाषेकडे वळायचे. घरची बोली आणि पुस्तकी भाषा यांचा वाद महाराष्ट्रातल्या शिक्षकाला परका नाही. पण तो सगळ्या गावाने बसून सोडवला आणि वरिष्ठ कार्यालयाने तो निर्णय स्वीकारला, हे आपल्याकडे फारसे घडलेले नाही.

नव्या शिक्षकाची खरी शिकवणी वर्गाबाहेर, नात्यांपासून सुरू होते. योल्ङू जगात कुणीही नात्याबाहेर नसतो. माणसे, जमिनी, प्राणी, वारे, सगळे धुवा आणि यिर्रिचा या दोन अर्धांत वाटलेले असते, आणि धुवाचे लग्न यिर्रिचातच होते. बाहेरून आलेल्यालाही थोड्याच दिवसांत कुणीतरी आपल्या नात्यात घेते. एखादी सहकारी शिक्षिका म्हणते, तू माझी यापा, म्हणजे बहीण. एवढे एक वाक्य पुरते. त्या क्षणी तिची मुले त्या नव्या शिक्षिकेची मुले होतात, तिचा मामा तो मामा, आणि वर्गातल्या तीस मुलांपैकी प्रत्येकाशी तिचे काहीतरी नाते ठरते. पहिलीतला एखादा मुलगा नात्याने तिचा बाप लागतो. वयाने लहान मामा आणि थोराड भाचा मराठी घरांतही असतात. योल्ङूंकडे तसे सगळ्या गावाचेच आहे, आणि ते गमतीने नव्हे, तर पाळण्यासाठी असते.

पाळण्याचे नियम कडक आहेत. वयात आलेले भाऊ-बहीण एकमेकांशी थेट बोलत नाहीत, एकमेकांची नावे घेत नाहीत, आणि इथे चुलत-मावस भावंडेही सख्ख्यांइतकीच भावंडे असतात. सासू-जावयांनी तर समोरासमोरही यायचे नाही. हे नाते लग्नामुळे नव्हे, जन्मानेच ठरते, त्यामुळे दहावीतल्या मुलाची ‘सासू’ त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेली असू शकते. नवा शिक्षक दोघांना एका गटात बसवतो आणि मुलगा उठून निघून जातो. शिक्षक विचारतो, तुझ्या बहिणीचे नाव काय, आणि मुलगा जमिनीकडे पाहत उभा राहतो. चाचणीच्या कागदावर त्या गप्प बसण्याची नोंद ‘उत्तर येत नाही’ अशी झाली, तर त्या मुलाबद्दल पुढे कित्येक चुकीचे निर्णय होतात. शेजारी योल्ङू शिक्षिका असेल तर हे घडतच नाही. बाके कशी लावायची, कुणाला कुणासमोर वाचायला सांगायचे नाही, हे ती घंटा होण्याआधीच पाहते. माध्यमिक वर्गांत मुला-मुलींचे गट पुष्कळदा वेगळे ठेवतात, त्यामागे हेच कारण असते.

मृत्यू झाला की गावाचा सगळा क्रम बदलतो. गेलेल्याचे नाव काही काळ घ्यायचे नाही; त्याच नावाच्या जिवंत माणसालाही दुसऱ्या नावाने हाक मारायची. भिंतीवरचा फोटो उतरवला जातो किंवा झाकला जातो, आणि तो माणूस जिथे वावरला त्या खोल्यांना पाल्यापाचोळ्याचा धूर दिला जातो. अंत्यविधी काही आठवडे चालतो. दूरदूरच्या वस्त्यांतून माणसे येतात, गाणी आणि नाच कुळांच्या क्रमाने होतात, आणि त्या गाण्या-नाचांत मुलांनाही ठरलेली कामे असतात. हजेरीपटावर त्या दिवसांत रिकाम्या चौकटी दिसतात. बाहेरच्या तपासनीसाला ती गैरहजेरी वाटते. गावाच्या दृष्टीने त्या मुलांचे शिक्षण तेव्हाच सर्वांत गंभीरपणे चाललेले असते. या दोन नजरांचा मेळ कसा घालायचा, हे कोणत्याही परिपत्रकात नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात योल्ङू शिक्षकांनी स्वतःचा कृतिगट स्थापन केला आणि अभ्यासक्रम कुणी ठरवायचा हा प्रश्न उघडपणे हाती घेतला. बॅचलर कॉलेजचे दूरस्थ शिक्षक-प्रशिक्षण तेव्हा गावातच चाले; शिक्षिका सकाळी शिकवीत आणि दुपारी शिकत. व्हिक्टोरियातल्या डीकिन विद्यापीठाने त्यापुढची पदवी देऊ केली. १९८८ मध्ये मंडावुई युनुपिंगू यांनी ती मिळवली. आर्नहेम लँडमधले ते पहिले आदिवासी पदवीधर. १९९० मध्ये ते यिर्रकलाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. बाहेरच्या जगाने त्यांना ‘योथू यिंडी’ या वाद्यवृंदाचे गायक म्हणून ओळखले आणि १९९२ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान त्यांना मिळाला, पण शाळेतले त्यांचे काम गाण्याइतकेच मोठे होते. २०१३ मध्ये ते वारले, तेव्हा वृत्तपत्रांनी योल्ङू रीत पाळून त्यांचे पहिले नाव न छापता ‘डॉ. युनुपिंगू’ असे लिहिले.

योल्ङू शिक्षकांच्या कृतिगटाने जाणत्यांकडून एक प्रतिमा मिळवली आणि ती शिक्षणाच्या मुळाशी ठेवली. किनाऱ्याजवळच्या खाजणात एकीकडून समुद्राचे खारे पाणी आत येते, दुसरीकडून ओढ्याचे गोडे. दोन्ही मिसळतात तिथे फेस येतो, तरी प्रत्येक प्रवाह आपले बळ राखून असतो. याला गन्मा म्हणतात. ‘दोन्ही वाटांनी शिक्षण’ हे नाव पुढे टेरिटरीभर पसरले. त्यामागची ही कल्पना यिर्रकलाची. सोयीप्रमाणे एका बाजूने थोडे घेणे त्यात बसत नाही. कोणते योल्ङू ज्ञान शाळेत येईल आणि कोणते समारंभासाठी राखून ठेवायचे, हे फक्त कुळांचे जाणते ठरवतात, आणि शाळेने त्यांचा शब्द मानायचा असतो.

ही पद्धत सगळ्यांत स्पष्ट दिसते ती गल्था नावाच्या कार्यशाळांत. आधी जाणते, योल्ङू शिक्षक आणि बाहेरचे शिक्षक एकत्र बसतात. जागा ठरते, आणि जागा ठरली की बोलण्याचा हक्क कुणाचा तेही ठरते. जमीन ज्या कुळाची त्यांनी सांगायचे, आणि त्या कुळाच्या लेकींच्या मुलांनी सगळे नीट होते की नाही यावर लक्ष ठेवायचे. मामाच्या कुळाची राखण भाच्यांकडे, अशी ही व्यवस्था आहे. मग मुले, म्हातारी माणसे, शिक्षक सगळे ट्रकमध्ये बसून त्या जागी जातात. खाजणात शिंपले गोळा होतात, कंद खणले जातात, कोणता वेल कोणत्या मोसमात वाळतो ते दाखवले जाते, त्या जागेची नावे ऐकली जातात. बाहेरच्या शिक्षकाला त्या दिवशी शिकवायचे काहीच नसते. लिहून घेणे, फोटो काढणे, पाण्याचे कॅन वाहणे, आणि एखाद्या मुलाची त्या जागेशी काय गाठ आहे ते ऐकणे, एवढेच त्याचे काम. अनुभवी माणसे सांगतात की या दिवशी जो शिक्षक गप्प राहू शकतो तो पुढे टिकतो. परत आल्यावर त्याच सामग्रीवर आठवडे जातात : योल्ङू भाषेत लेखन, इंग्रजीत अहवाल, नकाशे, विज्ञान.

गणितही तिथूनच निघते. समुद्रकासवाची अंडी वाळूतून काढल्यावर ती पाच-पाचच्या ढिगांत वाटली जातात. एका ढिगाला रुलू म्हणतात. वंगाञ म्हणजे एक, मर्रमा म्हणजे दोन. म्हणून वंगाञ रुलू म्हणजे पाच आणि मर्रमा रुलू म्हणजे दहा. मुलाच्या हातात प्रत्यक्ष अंडी असतात, ढीग पुरे करायचे असतात, कुणाच्या घरी किती जायची ते नात्यावर ठरायचे असते. पाचाच्या पाड्याला, उरलेल्या अंड्यांना आणि वाटणीला त्या क्षणी अर्थ येतो. गर्मा गणित या नावाने यिर्रकलात जो अभ्यासक्रम तयार झाला त्याने आणखी पुढे जाऊन नात्यांची रचनाच, गुर्रुटू, गणित म्हणून मांडली. नात्यांची नावे पिढ्यांमागून पिढ्या ठरावीक क्रमाने पुन्हा येतात, आणि मुलगी चौथ्या पिढीतल्या माणसाशी आपले नाते क्षणात सांगते. ज्याला क्रमाने पुन्हा येणाऱ्या अशा रचना सहज हाताळता येतात त्याला संख्यांची दशमान रचना समजवताना वेगळ्या वाटेने सुरुवात करता येते. डीकिनच्या हेलेन वॉटसन, ज्या पुढे हेलेन व्हेरन या नावाने लिहू लागल्या, त्या या कामात गावच्या शिक्षकांबरोबर होत्या.

वरून येणारे धोरण मात्र स्थिर नव्हते. १९९८ च्या डिसेंबरात टेरिटरी सरकारने द्विभाषिक कार्यक्रम बंद करण्याचे जाहीर केले. गावोगावच्या लोकांनी विरोध केला, १९९९ मध्ये माजी सिनेटर बॉब कॉलिन्स यांचा चौकशी अहवाल आला, आणि कार्यक्रम ‘दुहेरी शिक्षण’ या नव्या नावाखाली थोडा सावरला. पण मधल्या काळात केंद्रांतली पदे गेली, छपाई थंडावली. २००८ मध्ये देशभर एकच चाचणी सुरू झाली, टेरिटरीच्या दूरच्या शाळांचे इंग्रजीतले गुण तळाला आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आदेश निघाला की शाळेचे रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवावे. मुलांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांना समजणारी भाषा दुपारी सरकवायची, असा तो उपाय. दुपारी उष्मा असतो, मुले दमलेली असतात, आणि बरीचशी जेवणानंतर परतत नाहीत, हे टेरिटरीत शिकवलेल्या कुणालाही ठाऊक असते. यिर्रकलाच्या जाणत्यांनी आणि शिक्षकांनी उघडपणे नकार दिला आणि आपला कार्यक्रम चालू ठेवला. काही वर्षांनी आदेश मागे पडला.

लोकांच्या भाषेलाच दोष देण्याची ही रीत इतरत्रही दिसली. वेल्समध्ये १८४७ च्या सरकारी अहवालाने लोकांच्या मागासपणाचे खापर वेल्श भाषेवर फोडले, आणि वेल्श माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा रिल गावात उघडायला १९५६ साल उजाडले. तिथे निदान सगळ्या देशाची एक भाषा होती, तिच्यात चर्च होते, नियतकालिके होती. योल्ङूंच्या डझनभर भाषा मिळून बोलणारे काही हजार. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली, तिची जातकुळी यिर्रकलाशी जवळची : आधी गाव ठरवते, मान्यता नंतर मागितली जाते.

माध्यमिक शिक्षण ही या गोष्टीतली सर्वांत उशिरा आलेली बाजू. कित्येक दशके दूरच्या आदिवासी गावांतली शाळा प्राथमिकच्या पुढे फारशी जात नसे. पुढे शिकायचे तर डार्विनच्या वसतिगृहात जायचे, किंवा गुल्कुला इथल्या धुपुमा कॉलेजात. हे निवासी विद्यालय १९७० च्या दशकात एका युरोपीय अग्निबाण-मागोवा केंद्राच्या रिकाम्या इमारतींत भरे. ते योल्ङू भूमीतच असल्याने मुले घराच्या जवळ राहत. त्यातून पुढे गावाचे अनेक नेते आणि शिक्षक निघाले. १९८० मध्ये सरकारने ते बंद केले, आणि तो निर्णय गावाला अजून सलतो. त्याच जागेवर १९९९ पासून दरवर्षी गर्मा महोत्सव भरतो आणि देशाचे पंतप्रधानही तिथे येऊन बोलतात. वसतिगृहात गेलेली मुले पुष्कळदा पहिल्याच सत्रात परत येत. घरच्यांची ओढ हे एक कारण, पण त्याहून मोठे कारण म्हणजे तिथे ती कुणाचीच कुणी नव्हती. आपल्याच गावात राहून बारावी पूर्ण करणारे टेरिटरीतले पहिले आदिवासी विद्यार्थी २००३ मध्ये कल्कारिंजी गावाचे होते. ते तिघेच होते.

यिर्रकलात वरच्या वर्गांना बळ मिळाले ते वन आणि किनारा राखणाऱ्या पथकांमुळे. १९९२ मध्ये योल्ङूंनी स्थापलेल्या धिमुर्रू संस्थेचे रेंजर सोडून दिलेल्या मासेमारी जाळ्यांत अडकलेली कासवे सोडवतात, वणवे आटोक्यात ठेवण्यासाठी मोसमाप्रमाणे आधीच छोटी आग लावतात, परके प्राणी-वनस्पती काढतात. २०१३ पासून ‘लर्निंग ऑन कंट्री’ या योजनेत शाळेची मुले त्यांच्याबरोबर काम करू लागली. किनाऱ्यावर मोजलेली जाळी वर्गात तक्त्यात येतात, कासवाच्या पाठीची मापे घेतली जातात, आणि तेच काम प्रमाणपत्र परीक्षेत गुणांना धरले जाते. ही परीक्षा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मंडळाच्या नियमांनी चालते, पण विषय निवडायला तिच्यात बरीच मोकळीक आहे. २०२० मध्ये यिर्रकलाच्या शाळेतून आठ विद्यार्थी विद्यापीठ-प्रवेशासाठी लागणाऱ्या गुणांसह बारावी झाले. या शाळेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. त्या मुलांनी पहिले अक्षर धुवायात वाचले होते. २००८ च्या आदेशाला याहून नेमके उत्तर कुणी दिलेले नाही.

रोजच्या अडचणी त्यामुळे संपल्या नाहीत. दूरच्या गावांतल्या मुलांना कान वाहण्याचा आजार लहानपणापासून असतो, आणि त्याने ऐकू कमी येते. परक्या भाषेतले बारीक ध्वनी तर हरवूनच जातात. म्हणून जाणता शिक्षक मुलाकडे तोंड करून, हातवारे करत, फळ्यावर चित्र काढत बोलतो, आणि मूल लक्ष देत नाही असे ठरवण्याआधी त्याचे कान तपासून घेतो. २०१५ पासून टेरिटरीत शाळेचा निधी पटावर नव्हे तर प्रत्यक्ष हजेरीवर मोजला जाऊ लागला. मोठ्या समारंभाच्या वर्षी शाळेचे पैसे कमी होत, म्हणजे जिथे माणसे जास्त लागतात तिथेच ती कमी पडत. ती पद्धत पुढे मागे घेण्याचे ठरले. घरांचा प्रश्न तितकाच जुना आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाला सरकारी घर मिळे. गावातल्या शिक्षिकेला ती स्थानिक म्हणून मिळत नसे, आणि दहा-बारा माणसांच्या घरात तिने रात्री पाठाची तयारी करावी अशी अपेक्षा असे. बाहेरचा शिक्षक एक-दोन वर्षांत बदलून जातो. भाषा कानावर पडू लागते, नाती जमू लागतात, तोवर त्याचे जायचे दिवस येतात, आणि गावातली शिक्षिका नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे शिकवायला घेते.

यिर्रकलाच्या शिक्षिका याल्मे युनुपिंगू यांनी हे चार दशके केले. त्यांनी द्विभाषिक वर्ग घेतले, मुलांची पुस्तके योल्ङू भाषेत आणली, कित्येक बाहेरच्या शिक्षकांना घडवले, आणि चार तासांच्या इंग्रजीला ठाम विरोध केला. २०२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. २०२४ चा ‘सीनियर ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान त्यांना मिळाला. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक योल्ङू शिक्षिका बॅचलर कॉलेजच्या, गावातच चालणाऱ्या प्रशिक्षणातून आल्या होत्या. ते प्रशिक्षण नंतरच्या वर्षांत आटत गेले, आणि पदवीधर योल्ङू शिक्षकांची संख्या त्यामुळे रोडावली. आज सहायक म्हणून काम करणाऱ्या तरुण मुलीला पूर्ण शिक्षिका व्हायचे तर दूरस्थ अभ्यास आणि डार्विनच्या फेऱ्या कराव्या लागतात, तेही घरचे आणि समारंभांचे सगळे सांभाळून. बारावीच्या वर्गांवर विषय शिकवणारे अजून मुख्यतः बाहेरचेच आहेत. २०२० च्या तुकडीनंतर विद्यापीठात जाऊ शकणारी मुले गावात तयार होऊ लागली आहेत. त्यांच्यातले कुणी शिक्षक होऊन परतले, तर त्यांना घर, गावातच प्रशिक्षण आणि वाङ्मयनिर्मिती केंद्रात पक्की पदे लागतील. शाळेचे जाणते या तिन्ही गोष्टी १९८० च्या दशकापासून मागत आले आहेत.